मिनिटरावांचा सुटलेला प्रवासी

एसटी डेपोत या ड्रायव्हरला सगळे मिनिटराव म्हणत, कारण सातची बस सात वाजून एक मिनिटाने सुटली असं एकतीस वर्षांत कधी झालं नाही. दुसरा अभिमान त्याहून मोठा: आपल्या बसचा एकही प्रवासी कधी मागे राहिला नाही. हे ते लग्नात, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, भेटेल त्याला ऐकवत. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते, पण तिने कधी मध्येच तोडलं नाही.

ते निवृत्त झाल्यावर तिने एकच हट्ट धरला. जन्मभर लोकांना फिरवलंत, आता मला फिरवा. मुलीने दीड महिन्यासाठी मोटरहोम भाड्याने घेऊन दिली. मागे पलंग, शेगडी, दोन माणसं वळली तर कोपर लागेल एवढी जागा. पलंगापुढचा पडदा बायकोने स्वतः शिवला. पहिल्या दिवशी सकाळी ठरल्या मिनिटाला स्वारी निघाली.

दोन तासांनी पंपावर थांबले. तिचं डोकं दुखत होतं. "मी जरा मागे पडते," ती म्हणाली. मिनिटरावांनी डिझेल भरलं, काच पुसली, सीटवर येऊन बसले. मागे दार लागल्याचा आवाज आला आणि पाय आपसूक क्लचवर गेला. दार लागलं की गाडी हलवायची, हे अंगात मुरलेलं. ते चढणाऱ्याने लावलं की उतरणाऱ्याने, हे बघणं त्यांचं काम कधी नव्हतंच.

मग गाडी आणि जीभ दोन्ही सुसाट सुटल्या. या गाडीचा क्लच किती हलका, जुन्या बसचा किती जड, कुठल्या साहेबाला आपण कसं तोंडावर सुनावलं. पडद्यामागून हूं की चूं नाही. त्यात त्यांना काही वेगळं वाटलं नाही. अनोळखी नंबरावरून दोनदा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. तिसरा मुलीचा होता, म्हणून गाडी कडेला घेतली.

"बाबा, आई कुठंय?"

"मागे झोपलीय. डोकं दुखतंय तिचं."

"जरा पडदा सरकवून बघा."

पलंगावर चादर होती, तिची पर्स होती, पर्समध्ये तिचा फोन होता. ती नव्हती.

"ती पंपावर बसलीय," मुलगी म्हणाली. "तिथल्या माणसाच्या फोनवरून बोलली. तासभर झाला, बाबा."

मिनिटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतायचं वळण आणखी अकरा किलोमीटर पुढे होतं. प्रवासी मागे राहिला नाही तो कंडक्टरमुळे, हे तेवढ्या रस्त्यात त्यांना पहिल्यांदा कळलं. माणसं तो मोजायचा, घंटी तो द्यायचा. त्या बिचाऱ्याचं नाव यांनी कुठल्याच लग्नात घेतलं नव्हतं.

पंपाच्या ऑफिसबाहेर ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. हातात कोणीतरी दिलेला चहाचा कप. पंपावरचे दोघे हसू दाबत बाजूला झाले. मिनिटराव खाली मान घालून उभे राहिले.

"चुकलं माझं."

"बाथरूमला गेले होते," ती म्हणाली. "बाहेर येऊन बघते तर गाडी रस्त्याला लागलेली. म्हटलं, येतील पाच मिनिटांत. बोलायला लागतील, मी उत्तर देणार नाही, मग कळेलच."

"बोलतच होतो गं. सगळा वेळ."

"तासभर?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि त्यांनी काय कबूल केलं ते दोघांनाही एकदमच समजलं. त्या तासात तिच्या एका शब्दावाचून त्यांचं काहीही अडलं नव्हतं.

"घरी जायचं का परत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

तिने कप डब्यात टाकला. "नको. घरी तरी काय वेगळं आहे? लग्नापासून चौतीस वर्षं हेच तर चाललंय. इथे निदान खिडकीबाहेर बघता येतं."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. पण रोजचा हिशेबी स्वर होता, भाजी काय करू विचारतानाचा. ती पुढे येऊन बसली, पट्टा लावला. मिनिटरावांनी किल्ली फिरवली नाही. आता आपण बोलायचं नाही, तिला काहीतरी विचारायचं, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं. आणि बायकोला विचारण्यासारखं काय असतं, हेच त्यांना सुचेना.