माझा जुना फोन

माझ्या शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत एक तरुण भाड्यानं राहतो, वेबसाइट बनवतो. काहीही विचारलं की आधी म्हणतो, "थांबा, बघतो." काम संपलं की माझा तडा गेलेला फोन मागून नेतो आणि कळंबच्या एसटी स्टँडमागं, रेंज जेमतेम येते तिथं, उभा राहतो. बनवलेलं पान त्यावर उघडलं नाही, तर पुन्हा वर जाऊन कामाला बसतो.

परवा मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जाचं पान होतं. दोन दिवसांत मुदत संपणार, अर्ज चुकला की जागा गेली. आणि पान अडकत होतं ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या फेट्यातल्या भल्यामोठ्या फोटोमुळं. त्यानं तो बारीक करून तळाला टाकला. अध्यक्ष थेट दुकानात आले, तसा तो जिना उतरून आला.

"माझा फोटो कुठंय?"

"पानाच्या तळाला हाय, साहेब," तो म्हणाला.

"काम दुसऱ्याला देईन मी."

"द्या की. पर आधी वाडीवरच्या पोरींचा अर्ज उघडू द्या."

मी माझा फोन अध्यक्षांच्या हातात ठेवला. "तुम्हीच बघा." अर्ज लगेच उघडला. त्यांनी तळाशी जाऊन स्वतःचा फोटो शोधला आणि फोन त्याच्या हातात देऊन निघून गेले.

"काकू," फोन मला परत देत तो म्हणाला, "एवढ्यात नवा घेऊ नका."

लेकीनं पाठवलेला नवा फोन अजून खोक्यातच आहे.