धाकलूचा खोकला

धाकलू वेखंडे मत देताना खोकतो. साधं नव्हे, शाळेच्या व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं उठून उभं राहावं असं खोकतो. एरवी वर्षभर त्याचा घसा खणखणीत. पण मशीनचं बटण दाबल्यावर जी 'पीं' वाजते, ती प्रत्येक चिन्हाला वेगळी वाजत असणार, अशी त्याला पक्की शंका आहे. बाहेर एखादा तयार कानाचा माणूस बसला असेल तर त्याला सगळं कळायचं! म्हणून इकडे बोट बटणावर, आणि त्याच क्षणी घशातून तोफ.

कागदावर शिक्का मारायचे दिवस होते तेव्हा तो खोकत नसे, पण मतपत्रिकेची घडी इतकी बारीक घाली की मोजणारे गुरुजी ती नखानं उकलताना रडकुंडीला येत. मतदानाच्या दिवशी कोणाच्या जीपमध्ये बसायचं नाही, कोणाचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा घरून बाटलीतून न्यायचं. सकूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नव्या नवलाईच्या दिवसांत एकदा लाडीगोडीनं विचारून पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला शंका होती की तिच्या शेणवे गावच्या माहेरानं मत काढून घ्यायला तिला पेरलं आहे.

पुढे गावाची नगरपंचायत झाली आणि धाकलूचं घर जागचं न हलता भटकायला लागलं. एका निवडणुकीत वॉर्डाची हद्द नाल्यावरून गेली, पुढच्या वेळी नाला ओलांडून पिंपळावरून. कधी घर बाजारातल्या दुकानदारांच्या पंगतीत, कधी पलीकडच्या वाडीत. एकदा वॉर्ड सगळ्यांना खुला, एकदा राखीव. झेंडे आले, गेले, एकमेकांत मिसळले. निवडून मात्र प्रत्येक वेळी गावचा पुढारी धर्माच आला, कारण झेंडा बदलला की धर्माही बदलत होता.

धाकलूचं मत कळत नसल्यानं धर्मा त्याला विरोधकांचा माणूस समजे आणि विरोधक धर्माचा. त्याची अख्खी आळी त्याच्याच कलानं चालते, असाही दोघांचा समज. त्यामुळे झालं काय, तर नळाची लाइन धर्माच्या अंगणातून वळसा घेऊन निघाली आणि धाकलूच्या आळीच्या तोंडाशी येऊन थांबली. पुढची सत्ता आली, तीही तिथेच थांबली.

यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. धर्मानं मालूला, आपल्या बायकोला, उभं केलं. बॅनरवर धर्मा हत्तीएवढा आणि मालू कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. आणि धाकलूच्या घरातून सून समीक्षा अपक्ष उभी राहिली. चिन्ह कढई. प्रचाराला तिनं सासूची कढई उचलली, दारोदार वाजवली आणि पोचा पाडून परत आणली. सकूबाई त्या दिवसापासून सुनेशी भिंतीकडे बघून बोलत होती.

धाकलूला वेगळाच घोर. आळीची मतं फोडायला धर्मानंच हिला उभं केलं नसेल? त्याच आठवड्यात धर्माच्या घरून काकड्या आल्या होत्या! धाकलूनं एकेक काकडी हुंगून पाहिली, खाल्ली एकही नाही. सुनेच्या पाठोपाठ पिंपळापर्यंत जाऊन ती कोणाशी बोलते तेही पाहून आला. ती बायकांशी नळाचंच बोलत होती. त्याची शंका आणखी वाढली.

आळी तिच्या तोंडावर सांगत होती, की तुझा सासरा मतदानाला तुझ्या प्रचाराच्या रिक्षात बसला तर आमी येऊ, नायतर घरातलाच माणूस नाय तर आमचं काय? समीक्षानं सासऱ्याला विचारलं. धाकलू म्हणाला, आजवर कोणाच्या गाडीत बसलो नाही. हंडा उतरवून ती समोर बसली.

"बाबा, तुमचं मत कोनाला कळलं नाय, म्हणून आपल्याला नळ कोनीच दिला नाय. तुमी लपवलंत नि हंडे आमी वाहिले."

त्या दिवशी मात्र धाकलू तिच्यामागून पिंपळापर्यंत गेला नाही.

मतदानाच्या सकाळी तो रिक्षात बसला. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, कढईच्या झेंड्याखाली. पाण्याची बाटली घरचीच होती, एवढंच. आळी दारात येऊन बघत राहिली आणि मग चपला शोधायला लागली. शाळेत धाकलूनं बटण दाबलं, घसा आवळून धरला, आणि 'पीं' अशी स्वच्छ वाजली की रांगेतली माणसं दचकली. कुत्रं झोपूनच राहिलं.

फाटकाबाहेर बऱ्याच लांब धर्मा टेबल टाकून बसला होता. त्याच्यासमोर थांबून धाकलू म्हणाला, "सुनेला दिलं मी."

धर्माचा चेहरा उजळला. जो माणूस बायकोलाही कधी मत सांगत नाही, तो मला भर रस्त्यात सांगतो? म्हणजे मत आपल्यालाच, आणि आळीही आपलीच! त्यानं धाकलूला डोळा मारला, पलीकडच्या वाडीतून माणसं आणणारी जीप थांबवली आणि दुपारीच जेवायला गेला.

समीक्षा थोडक्या मतांनी निवडून आली.

निकालाच्या संध्याकाळी धर्मा दारात उभा. "धाकलूदा, दगा दिलास."

"तुला सांगितलं होतं ना?"

"तेच तर. सांगून दगा दिलास."

तो गेल्यावर घर हसून दमलं. महिन्याभरात आळीत चर खणायला सुरुवात झाली. कामगारांसाठी समीक्षानं चहा केला, तेव्हा धाकलूनं कप हातात घेऊन विचारलं, हा घरचा आहे की नगरसेविकेचा? घरचा आहे अशी खात्री झाल्यावर प्यायला. पण एक शंका काही केल्या जाईना. सकूबाई अजूनही पोच्याच्या कढईत भाजी परतताना पुटपुटत होती. तो चुलीजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काय गो, तू कोनाला दिलंस?"

सकूबाईनं पदर तोंडाला लावला आणि खोकली.