खालून दोन हिसके

गाडी हळूभाऊकडे दिली की ती थेट नातवंडांनाच चालवायला मिळते, अशी गल्लीत चेष्टा होती. तशी खोटीही नव्हती. पण त्याने जोडलेलं जुनं इंजिन पुन्हा तक्रार घेऊन दारात येत नसे, आणि त्यातलं अर्धं श्रेय बायकोचं. हळूभाऊचं पोट गॅरेजच्या खड्ड्यात धड मावत नव्हतं, म्हणून इंजिनातला खालचा क्रँक आणि वरचा कॅम जोडणारी टायमिंग चेन बसवताना खाली ती उतरायची. ती पान्याने क्रँक फिरवायची, हा वर कॅमची खूण बघायचा. शेजारच्या पत्र्याच्या कारखान्यापुढे ओरडून उपयोग नसे, म्हणून खालची खूण जुळली की ती चेनला दोन हिसके द्यायची. उभा संसार त्या दोन हिसक्यांवर चालला म्हणा ना!

ती गेली आणि लेकीने लकडा लावला. "बाबा, हात कापतात तुमचे. शटर ओढा आणि माझ्याकडे चला."

"गॅरेज सोडून कुठं जाऊ गं?"

"मग खड्ड्यावर उभ्या त्या गाडीची चेन एकट्यानं बसवून दाखवा. जमलं तर विषय संपला. नाही जमलं, तर किल्ली माझ्याकडे."

गाडी हळूभाऊच्याच वयाची. चेनचा दात चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटणार, आणि तसले व्हॉल्व्ह आता मागून मिळत नाहीत.

भर दुपारी तो कामाला लागला. लेक दारात स्टूल टाकून मोबाइल बघत बसली. रेडिएटर निघाला, कव्हर निघालं, ढिली जुनी चेन निघाली. नवी चढवून तो पोट आत ओढत खड्ड्यात उतरला. स्टार्टर मारण्याआधी हाताने दोन पूर्ण फेरे, हा त्यांचा नेम. पहिल्याच फेऱ्यात पाना अडला. चढउतारात कुठंतरी दात चुकला होता.

पाना तिथंच लावून तो धापा टाकत वर आला. कॅमच्या चक्रावरून चेन उचलून नुसती हातात धरली. त्याला रडूच आलं. "गेलं गं सगळं," तो पुटपुटला.

चेन हलली.

आधी वाटलं, आपलाच हात. पण चेन खाली ओढली जात होती, सावकाश, एकेक कडी. कॅम स्प्रिंगच्या जोराने कधी उसळतो, ते ठाऊक होतं. पण प्लग काढलेल्या इंजिनाचा क्रँक आपणहून फिरतो होय? त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. खड्ड्यात डोकावायचा धीर होईना.

मग दोन हिसके आले.

हळूभाऊने चेन खुणेवर बसवली, ताण दिला. हात अजिबात कापला नाही. जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "फिरव." कॅम फिरला. दोन फेरे, कुठंही न अडता. खूण खुणेवर येऊन थांबली.

"खालचा पाना काढून आण," तो लेकीला म्हणाला. ती खड्ड्यातल्या गार ओलीत उतरली आणि बऱ्याच वेळाने वर आली.

सगळं पुन्हा चढवून इंजिन सुरू केलं. चेनची खडखड औषधालाही नव्हती. हळूभाऊने खिळ्यावरची किल्ली काढून लेकीपुढे धरली. आयुष्यभर खोटं बोलला नव्हता, आता काय बोलणार?

"एकट्यानं नाही जमलं."

"माहितीये," ती म्हणाली. "पाना गरम होता. नुकताच कुणी हातातून सोडल्यासारखा."

तिने किल्ली घेतली आणि परत खिळ्याला अडकवली.

"राहा इथंच, बाबा. आईला एकटीला टाकून कसं नेऊ तुम्हाला?"