बिल्ला खुंटीला होता त्या सकाळी

चिंचेने पितळ घासताना आंबट वास सुटला की मला वडिलांचा बिल्ला आठवतो. इंग्रजी अमलात ते धुळ्याला पोलीस शिपाई होते आणि त्यांचा बिल्ला रोज मीच उजळायचे. मुलांचं कोर्ट तेव्हा नवीनच निघालं होतं. तिथे पोलिसाने गणवेशात यायचं नाही, मुलाला दोरी बांधायची नाही, असा हुकूम होता. "पोऱ्या पळना तर मनी नोकरी जाई," असं आईजवळ कुरकुरत एके सकाळी वडिलांनी धोतर नेसलं. चोरीच्या आरोपावरून धरलेला पारोळ्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्यांना त्या कोर्टात पोचवायचा होता. शाळा त्याच वाटेवर, म्हणून मीही निघाले. मुलगा सारखा रडत होता. बाजारात बोरं विकणाऱ्या एका अनोळखी म्हातारीने विचारलं, "भाऊ, हाऊ तुमना पोऱ्या शे का? रडस कसाले?" "हां, मनाच शे," वडिलांनी तो आपलाच मुलगा असल्याचं सांगितलं, "पहिल्यांदा शाळामा जाई राहिना." मुलाने डोळे पुसले आणि वडिलांचं बोट धरलं, ते कोर्टाच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. शाळा बुडवून मी मागोमाग गेले म्हणून मला ते दिसलं. नातवंडांना मी आजही तो बिल्ला दाखवते, पण गोष्ट मात्र तो घरी खुंटीला राहिला त्या सकाळचीच सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ होते.