सुन्नाच्या खुणेच्या चौघी

राव्ना फटकळ बाई. कुणी परक्याने "रेनडिअर किती तुमची?" असं विचारलंच, तर म्हणायची, "आधी तुझ्या डोक्यावरचे केस मोजून सांग." पण चार माद्यांबद्दल ती आपणहून बोलायची. त्यांच्या कानांवर तिच्या लेकीची, सुन्नाची, मालकीची खूण कापलेली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी सुन्ना नदीच्या बर्फाखाली गेली. मेलेल्या माणसाची खूण नव्या पाडसांवर कुणी कापत नाही. कळपात सुन्ना उरली होती ती एवढीच.

यंदा ऐन थंडीत पाऊस पडला आणि पडल्या जागी गोठला. त्याखालचं दगडफूल, म्हणजे जनावरांचं हिवाळ्यातलं सगळं जेवण, कुलूपबंद झालं. फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा कुठल्या चाऱ्यावर जनावरं तगतात याचा प्रयोग पशुवैद्य हेनिंगने राव्नाच्या कळपातच मांडला. गळ्यात निळी दोरी बांधलेल्यांना नुसता मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेलं हिरवं गवत. पिवळ्या दोरीवाल्यांना बायकांनी पोत्यांत साठवलेलं दगडफूल आणि चिमूटभर मुरघास.

"दोऱ्या चिठ्ठ्या टाकूनच वाटायच्या, मावशी," तो म्हणाला. "माया केली की प्रयोग बिघडतो."

चौघी पिवळ्यात गेल्या. इतरांपुढे घमघमता मुरघास आणि सुन्नाच्यांपुढे वाळकं ओंजळभर? हेनिंगची पाठ वळताच राव्नाने त्याच कळपातल्या, दीर आन्तेच्या निळ्या दोरीच्या चार माद्यांशी दोऱ्या बदलल्या. आईचं मन, दुसरं काय करणार होतं ते?

चौघी मुरघासावर तुटून पडल्या.

"वहिनी, लग्नाच्या पंगतीला आल्यात जणू!" आन्ते हसला. राव्नाही हसली, कितीतरी महिन्यांनी.

पुढे त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटचीने राव्नाच्या मांडीवर मान टाकली. हेनिंगने तिचं पोट फाडलं. आत मुरघास ठासून भरलेला, खाल्ला तसाच हिरवा.

"भरल्या पोटी उपाशी मेल्या," तो म्हणाला. "रोडावलेल्या पोटाला हे एकदम पचत नाही. मला तीच शंका होती." मग त्याला कान दिसले. "पण ही खूण तर पिवळ्यात होती!"

"दोऱ्या मी बदलल्या. माझ्या पोरीच्या उपाशी राहतील म्हणून."



मेल्या जनावराचे कान मालकाच्या हाती द्यायचे असतात. आन्तेने आठही कापले आणि सवयीने हाक दिली, "कोणाचे हे?" लगेच त्याने जीभ चावली.

राव्नाने हात पुढे केला. "आण इकडे. सुन्नाचे आहेत."

पलीकडे आन्तेच्या चार माद्या दगडफूल चघळत उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्या होत्या, राव्नानेच बांधलेल्या.