बेदाण्याच्या शेडमधला खलनायक

तासगावच्या वाटेवर बेदाण्याचं एक शेड आहे. तिथं निम्म्या जाळ्यांवर द्राक्षं वाळतात आणि निम्म्यांवर जुन्या चित्रकथा मांडलेल्या, सगळ्या एकाच मुखवटेवाल्या खलनायकाच्या. त्या दुष्टाचे नवे चाहते पार मेढ्याहून येतात आणि शेडचा मालक वैद्यासारखी नाडी बघून त्यांना पुस्तक देतो.

“आधी तुरुंग फोडतो त्यो अंक वाचा. मग आईला भेटाय जातो त्यो. एकदम दरोड्याचा घेऊ नगा, पचायचा न्हाई.”

शेवटचा अंक मात्र त्यानं चारी बाजूंनी पिना मारून बंद ठेवला होता. स्वतःही वाचला नव्हता, कारण त्यात खलनायक मरतो असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. एके दुपारी मी बेदाणे घ्यायला गेलो, तर त्यानं तो अंक माझ्या हातात कोंबला.

“आवं, तुमीच वाचा. जगला का मेला तेवढंच सांगा. माझ्यानं व्हत न्हाई.”

आणि पाठ फिरवून बेदाणे निवडत बसला. काड्या डब्यात टाकत होता आणि बेदाणे बाहेर. मी पिना काढल्या. शेवटच्या पानावर खलनायक नदीत बुडून मेला होता.

“पोहून गेला की पैलतीराला!” मी ठोकून दिलं.

त्यानं मला ओंजळभर बेदाणे दिले आणि अंकात न डोकावताच परत पिना मारल्या.

आता नव्या वाचकांना तो सांगतो, “त्यो पवत पार विजापूरला गेला. ह्या पावण्यांनी सोताच्या डोळ्यांनी वाचलंय.”

अशा चाहत्यापुढं मी, तालुक्यातला पहिल्या नंबरचा थापाड्या, गुमान मान डोलावतो.