पलंगातला कॉम्प्युटर

चष्मेवाल्यांची मतं त्यांच्या मिशीसारखी होती: जाड, सरळ आणि लग्नाच्या आधीपासूनची. बाजाराच्या टोकाला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने हौसेने निवडलेली फ्रेम त्याला शोभत नाही असं वाटलं, की ते ती त्याच्या नाकावरून सरळ उतरवून घ्यायचे आणि म्हणायचे, "ही तुम्हाला नाही." गिऱ्हाइकं ऐकायचीसुद्धा. घरी मात्र तशी सोय नव्हती. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेली आणि बायको नुसती ऐकल्यासारखं करणारी. म्हणून रोज संध्याकाळी ते कॉम्प्युटरपुढे बसून तक्रारअर्ज लिहायचे. पाणीखात्याला, बसवाल्यांना, चौकातला दिवा भरदुपारी जळतो म्हणून वीजवाल्यांना.

हा कॉम्प्युटर साधा, चारचौघांच्या घरी असतो तसा. त्यांच्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे, दुसऱ्या तऱ्हेचा होता. पातळ, रुपेरी, मिजासखोर. मेहुणा जाहिरातींची चित्रं काढायचा आणि चष्मेवाल्यांच्या कॉम्प्युटरला 'डबडं' म्हणायचा. चष्मेवाले त्याच्या कॉम्प्युटरला 'शोपीस' म्हणायचे. एका लग्नात हा वाद इतका पेटला, की हात धुता धुता चष्मेवाले बोलून बसले, "तसलं शोपीस माझ्या घरात आलं, तर मी मिशी उतरवीन." मेहुण्याने तिथल्या तिथे दोन मामांना साक्षीला धरलं.

पुढे डबडं मेलं. धूर नाही, आवाज नाही, एका अर्जाच्या मधोमध गेलं. मुलीने फोनवर ऐकून घेतलं, डबा भंगारात द्यायला लावला आणि आठवड्याच्या आत घरी खोकं पाठवलं. आत पातळ, रुपेरी, मिजासखोर कॉम्प्युटर.

"बाबा, हाच वापरायचा," ती म्हणाली. "दर रविवारी फोनवरून तुमच्या त्या डब्याची नाडी बघणं मला आता जमणार नाही."

मुलीपुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी दार लावून घेतलं, पडदे ओढले आणि कॉम्प्युटर चालू केला. चालू झाला. बंद कसा करायचा ते काही सापडेना. मेहुण्याला विचारलं असतं तर मिनिटाचं काम होतं, पण त्या मिनिटात मिशी गेली असती. शेवटी त्यांनी झाकण मिटून वर जाडजूड शब्दकोश ठेवला.

अशात मेहुण्याचा फोन आला. कामासाठी येतोय, दोन दिवस राहीन.

चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटर पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाच्या कप्प्यात, रजयांच्या खाली घातला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"तोच झोपणार आहे ना त्या पलंगावर?" तिने विचारलं.

"म्हणूनच. झोपलेला माणूस खाली वाकून बघत नाही."

"मी काही सांगणार नाही हं त्याला," ती म्हणाली. "पण खोटंही बोलणार नाही. माझा भाऊ आहे तो."

मेहुणा आला, हातपाय धुतले आणि टेबलावर एकटाच उरलेला कॉम्प्युटरचा पडदा बघून म्हणाला, "डबडं कुठंय भावोजी?"

"दुरुस्तीला दिलंय."

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण मेहुण्याचा स्वभाव मदतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन तो चपला घालूनच उभा राहिला. "चला, घेऊन येऊ. तुम्ही कशाला ओझं उचलता?"

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. उघड्या पोटाचे कॉम्प्युटर भिंतीला टेकून बसले होते. चष्मेवाले मेहुण्याच्या पाठीमागून म्हणाले, "आमचा तो... मागे दिलेला... झालाय का हो?" आणि त्यांनी डोळा मारला. उभा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेला होता, पण डोळा मारण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही डोळे मिटले.

दुरुस्तीवाल्याने त्यातून हवं ते उचललं. "झाला की केव्हाच," असं म्हणून त्याने फळीवरचा एक धुळकट डबा काढला, फडक्याने पुसला आणि मेहुण्याच्या हातांत दिला. कुणी न्यायलाच न आलेला तो डबा एकदाचा गेला, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

घरी आल्यावर चष्मेवाले म्हणाले, "राहू दे, संध्याकाळी जोडू." तोवर मेहुण्याने तारा जोडल्यासुद्धा. पडदा उजळला. पडद्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेली एक गुबगुबीत बाई होती. काळा गॉगल, लाल हॅट, तोंडभर हसू.

मेहुण्याने भावोजींकडे बघितलं. "ह्या कोण?"

"गॉगल चांगला आहे," चष्मेवाले म्हणाले.

"गॉगल नाही विचारला मी."

"अरे, जाहिरात आहे. दुकानाची. गॉगलची."

मेहुणा जाहिरातीतलाच माणूस. त्याने पुढचे फोटो उघडले. तीच बाई होडीत. तीच बाई केक कापताना. तीच बाई झोपेतून उठून दात घासताना.

"ह्यात गॉगल कुठंय भावोजी?"

चष्मेवाल्यांनी माऊसकडे हात नेला. तेवढ्यात बायको डाळिंबाच्या दाण्यांच्या वाट्या घेऊन आली आणि एक तिने भावाच्या हातात दिली.

"ताई, तू जरा बस," मेहुणा गंभीर आवाजात म्हणाला.

ती बसली. तिने पडद्याकडे निरखून बघितलं. डबा आपला नाही, हे तिला बघताक्षणी कळलं होतं आणि सकाळपासून काय घडलं असेल त्याचा अंदाजही आला होता. चष्मेवाले आशेने तिच्याकडे बघत राहिले.

"छान आहे की," ती म्हणाली. "ह्यांनी कधी ओळख नाही करून दिली."

"भावोजी, बोला."

चष्मेवाल्यांनी मनात तोलून बघितलं. एका बाजूला मिशी, दुसऱ्या बाजूला घोड्यावरची बाई. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना बाई परवडेल असं वाटलं. सासुरवाडीला कळलं तर काय, दोन-चार वर्षं बोलतील आणि विसरतील. मिशीचं मात्र कुणी विसरलं नसतं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती मजेत दाणे खात होती, पण मेहुण्याचा चेहरा खरोखर उतरला होता. बहिणीच्या काळजीने त्याच्या हातातली वाटी तशीच राहिली होती.

"रात्री तू ज्यावर झोपलास," चष्मेवाले म्हणाले, "त्याच्या खाली बघ."

मेहुणा आत गेला. फळी उचलल्याचा आवाज आला, रजया पडल्याचा आला. तो बाहेर आला तेव्हा रुपेरी कॉम्प्युटर त्याने तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता.

"हा कोमट आहे," तो म्हणाला.

"असेल. बंद होत नाही तो."

"आल्यापासून चालूच आहे?"

"झाकण लावतो ना मी."

मेहुणा हसेल, मामांना फोन लावेल, असं चष्मेवाल्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने खिशातून रुमाल काढून कॉम्प्युटरच्या कडेला लागलेला कापूस हळूच पुसला.

"वस्तरा कुठंय?" चष्मेवाल्यांनी स्वतःच विचारलं. शब्द म्हणजे शब्द.

"मिशीला हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "खाली काय आहे ते मी कधी बघितलेलं नाही. आता ह्या वयात नको."

मेहुण्याने विचार केला. "मिशी राहू दे ताई. पण मी शिकवणार आणि हे शिकणार. कुरकुर न करता."

चष्मेवाल्यांना वाटलं, स्वस्तात सुटलो. मेहुण्याने घोडेवाल्या बाई दुरुस्तीवाल्याकडे परत पोचवल्या, येताना ऑफिसात फोन करून आठवड्याची रजा टाकली, आणि दुसरी खुर्ची टेबलाला लावून तो बसला. त्याने भावोजींचा हात अक्षरांखालच्या गुळगुळीत चौकोनावर ठेवला.

"एक बोट नाही भावोजी, दोन बोटं."

"दोनच आहेत."

"हळू. नुसतं फिरवायचंय."

"फिरवतोच आहे."

"भावोजी, तुम्ही पुसताय. काच नाहीये ती."